उरलंसुरलं खाणारी बाई

अनुपमाचा जबडा दुखायला लागला तेव्हा घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की दाढ किडली असणार. दाताच्या डॉक्टरने दाढ ठोकून बघितली, फोटो काढला आणि दाढ ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मग ते पित्त ठरलं. पित्तावर कोकमाचं पाणी झालं, जिरं चावून झालं. पुढे बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येताना दहिसरच्या पुलाच्या चढावर तिला दम खात उभं राहावं लागलं, तेव्हा ते वय ठरलं. "छप्पन्न झालं तुझं, आता काय पळणार आहेस?" असं दशरथ, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला आणि विषय संपला.

हार्ट असेल असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. कारण त्या घरात हार्ट हा पुरुषांचा आजार होता. सासरे गिरणीतून सुटल्यावर वर्षभरात हार्टने गेले. दशरथला सहा वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. बापाकडून मुलाकडे आलेली गोष्ट, चाळीतल्या खोलीसारखी. सुनेच्या नावावर त्यातलं काही चढायचा प्रश्न नव्हता.

मग एके दुपारी इमारतीची लिफ्ट बंद पडली. सहावा मजला. चौथ्यावर पोचता पोचता जबड्यापासून डाव्या खांद्यापर्यंत कोणीतरी दोरी आवळल्यासारखं झालं, अंगाला थंड घाम सुटला आणि अनुपमा जिन्यातच बसली. वरून उतरणाऱ्या तेजलने तिला बघितलं. तेजल पाचव्या मजल्यावरची, बँकेत नोकरीला. तिने दशरथला फोन केला नाही, थेट रिक्षा बोलावली आणि वाटेत सौरभला, अनुपमाच्या मुलाला, कळवलं.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात तिची अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी स्क्रीनवर तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. बारीक फांद्यांचं झाड, आणि एका फांदीची मान मध्येच आवळलेली.

"इथे चांगलाच अडथळा आहे," ते म्हणाले. "आणखी दोन ठिकाणी सुरुवात दिसते. पण आत्ता स्टेंट घालायची गरज नाही. गोळ्या, चालणं आणि जेवण. चार महिन्यांनी पुन्हा बघू. हे तिन्ही नीट झालं तर त्यावरच निभावेल. नाही झालं तर टेबलावर घ्यावं लागेल. आणि एक लक्षात ठेवा. छातीतच कळ यायला हवी असं काही नसतं. बायकांना पुष्कळदा जबडा दुखतो, पाठ दुखते, दम लागतो. आणि ते बाम चोळत बसतात."

"पण डॉक्टर," दशरथ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तक्रार होती, दुकानदाराने फसवल्यासारखी. "आमच्या घरात सहा वर्षं पथ्याचंच जेवण आहे. माझे रिपोर्ट बघा, एक नंबर येतात."

ते खरं होतं. मागच्या खेपेला याच डॉक्टरांनी त्याचा रिपोर्ट हातात धरून म्हटलं होतं, "मिसेसना मानलं पाहिजे." मिसेस तेव्हा बाहेर पाण्याची बाटली भरून आणायला गेल्या होत्या.

डॉक्टरांनी त्यांना खालच्या मजल्यावर आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मधुवंती नाव, तिशीची, केस वर बांधलेले. तिने अनुपमाला समोर बसवलं, दशरथला शेजारी.

"काकू, काल दिवसभरात काय काय खाल्लं, सांगा बघू. सकाळपासून."

"सकाळी यांना नाचणीची आंबील दिली..."

"काकांचं नको. तुमचं."

"हो, हो. मग सौरभला अंड्यांचं पांढरं, तो जिमला जातो ना..."

मधुवंतीने पेन खाली ठेवलं. "काकू. तुम्ही."

अनुपमाला उत्तर माहीत होतं, पण ते तोंडाबाहेर काढायची लाज वाटत होती. शाळेत शिशुवर्गाची मदतनीस म्हणून तिने वीस वर्षं काढली होती. डब्यात काय आणलंस म्हटल्यावर खाली बघणारी मुलं तिला चांगली माहीत होती.

"घरचंच खाते हो ती," दशरथ म्हणाला. "बाहेरचं काहीच नाही. एकदम साधं."

"मी उरलेलं खाते," अनुपमा म्हणाली.

एकदा तोंड उघडल्यावर मग तिला थांबता येईना. दशरथला पिवळं बंद आणि सौरभला पिवळं नको, म्हणजे रोज सकाळी वाटीभर पिवळं उरतं. ते टाकवत नाही. मग त्यात कांदा-मिरची घालून तव्यावर तेलात परतायचं आणि खायचं. दशरथच्या दुधावरची साय काढायची, ती वाडग्यात साठते. ती पोळीशी साखर घालून. चिकनची कातडी आणि चरबी त्याच्यासाठी काढून टाकायची, पण टाकायची म्हणजे कुठे, आपल्या रश्शात. बांगडे तळले की तव्यात जे तेल नि जळका मसाला राहतो, त्यात भात कालवला की फार चव येते. वडे, पापड तळलेलं तेल गाळून बरणीत. चांगल्या भाज्यांना नवं तेल, आणि आपल्यापुरतं काही करायचं झालं तर बरणीतलं. पालेभाजी घरात सगळ्यांना आवडते, म्हणून तिच्यापर्यंत पोचत नाही. डाळीचं तसंच. पातेलं तिच्याकडे येतं तेव्हा वर नुसतं पाणी असतं.

दशरथ तिच्याकडे बघत राहिला. "मला काय माहीत," तो म्हणाला. "मी कधी सांगितलं तुला असं खा म्हणून?"

"नाही सांगितलं," अनुपमा म्हणाली.

कुणीच कधी सांगितलं नव्हतं, हीच तर मजा होती. कुडाळजवळच्या तिच्या गावी आई चुलीपाशी बसून तव्याला लागलेलं खरवडून खायची आणि म्हणायची, "बायल माणसाच्या पोटाक काय लागता?" आईलाही कुणी सांगितलं नसणार. लग्न होऊन ती दहिसरच्या चाळीत आली तेव्हा सासूबाई सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेली कलती करून बघायच्या, आणि जे दिसेल त्यात दोघी जेवायच्या. चाळीची इमारत झाली, चुलीचा गॅस झाला, सासूबाई गेल्या. पातेली कलती करणं मात्र राहिलं.

"काकू, पिवळ्यावर रागवू नका हं," मधुवंती म्हणाली. "अख्खं एखादं अंडं खाऊन कुणाचं काही बिघडत नाही. पण वाटीभर पिवळं, वर साय, वर पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, आणि त्याच्याबरोबर डाळ नाही, भाजी नाही, फळ नाही. काकांना जे जे खाऊ नका म्हणून सांगितलं, ते सगळं सहा वर्षं तुम्ही खाल्लंत."

परत येताना रिक्षात, चेकनाक्याच्या सिग्नलला दशरथ म्हणाला, "आता जरा सांभाळून खा." अनुपमा बाहेर बघत होती. सांभाळून खा म्हणजे काय, ते तिला रिक्षातच कळलं होतं. उरलेलं खायचं, पण सांभाळून. घरातल्या बाकी कशाला हात लागणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंडी फोडलीच नाहीत. ओट्यावर तशीच ठेवली.

"आई, यार, माझं प्रोटीन?" सौरभ बनियनवर येऊन उभा राहिला.

"तुझं प्रोटीन तू फोड, तू शिजव आणि आतलं पिवळंही तूच गिळ."

"मी दोनच पिवळी खाऊ शकतो."

"मग दोनच अंडी खा. बाकी मूग भिजवलेत, ते खा. त्यातही प्रोटीन असतं, पाकिटावर लिहिलेलं नसतं एवढंच."

दशरथ आंबील ढवळत होता. "अगं, पण चार फोडून पिवळं बाजूला काढलं तर काय झालं? तू नको खाऊस. टाकून दे."

"मी नाही टाकणार. मी का पाप घेऊ? तुम्ही टाका."

"अन्न आहे ते, मी कशाला टाकू?"

"अन्न आहे ना? मग खा."

"मला चालत नाही."

"आणि मला चालतं, असं कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

त्या आठवड्यात तिने तेलाची बरणी घासून त्यात चवळी भरली. दूध पातळ आणायला लागली, म्हणजे सायीचा प्रश्नच मिटला. स्वयंपाक झाला की आधी तिन्ही ताटं ओट्यावर मांडायची, तिन्हींत भाजी-डाळ सारखी वाढायची आणि स्वतःचं ताट घेऊन सगळ्यांबरोबर टेबलावर बसायची. सौरभने भात टाकला तर तो झाकून फ्रिजमध्ये, आणि रात्री पहिल्यांदा त्याच्याच ताटात.

"हे जास्त होतंय हं, आई."

"वाट लागली तुझी, मला माहीत आहे. खा."

रोज सकाळी ती नदीच्या कडेच्या रस्त्याने चालायला जायची. तेजल सुट्टीच्या दिवशी सोबत यायची. "काकू, घरात कसं चाललंय?" तिने एकदा विचारलं. "युद्ध चालू आहे," अनुपमा म्हणाली, "पण शत्रू भुकेला आहे, शरण येईल."

शत्रू जवळजवळ आलाही असता. पण भाद्रपद लागला, गणपती झाले आणि पितृपक्षातला म्हाळ आला.

सासऱ्यांचा म्हाळ दर वर्षी दशरथच्या घरी होई. घाटकोपरहून त्याची थोरली बहीण उत्तरा, सगळ्यांची अक्का, आपल्या नवऱ्याला, विद्याधर भावोजींना, घेऊन यायची. मुलुंडहून चुलतदीर राजेश यायचा. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, अळू, खीर. रीत अशी की रांधणाऱ्या बाईने तोंडात काही घालायचं नाही. आधी पितरांचं पान गच्चीवर ठेवायचं, कावळा शिवला की पुरुषांची पंगत, त्यांचे वडे गरम गरम तळत वाढायचे, आणि मग बायका. म्हणजे अनुपमा आणि अक्का. दहिसरचे कावळे म्हाळाच्या पंधरवड्यात इतके तृप्त असतात की पानाकडे ढुंकून बघत नाहीत. गेल्या वर्षी बायका जेवायला बसल्या तेव्हा दुपारचे चार वाजले होते. उपाशी पोटी मोडके, निवलेले सात-आठ वडे अनुपमाने खिरीच्या तळाशी बुडवून खाल्ले होते.

"अक्का यायची आहे," आदल्या दिवशी दशरथ म्हणाला. "तेवढा एक दिवस जरा..."

"जरा काय?"

"जरा पहिल्यासारखं. तिला हे सगळं नवीन आहे. उगाच वाद नको."

सकाळी उठून आंघोळ करून अनुपमाने भाकरी आणि मुगाची उसळ खाल्ली, गोळी घेतली आणि वड्यांचं पीठ मळायला घेतलं. अक्का आली, पदर खोचून आत आली आणि तिला ओट्यावरची ताटली दिसली.

"गो वयनी, खाल्लंस? पितरांच्या आधी?"

"खाल्लं, अक्का. उपाशी पोटी गोळी घेऊन चक्कर आली तर तुमच्या कढईत पडेन."

"आमी काय गोळये घेणव नाय? माका धा वर्षां शुगर असा. पण म्हाळाच्या दिवशी मी पाण्याशिवाय कायएक घेणय नाय."

"ते बघते मी दर वर्षी. भाजी चिरताना हात थरथरत असतात तुमचे."

अक्काने तोंड वळवलं आणि भोपळा चिरायला घेतला. दोघींनी मिळून सगळा स्वयंपाक केला, वाद न घालता, कारण रांधताना त्या दोघींचं चांगलं जमायचं. सांबाऱ्याचं वाटण अक्कानेच केलं. ते तिच्याइतकं कुणालाच जमत नसे. दशरथ गच्चीवर पान ठेवून आला. कावळ्याने तासभर वाट बघायला लावली. अखेर सौरभने वरून ओरडून सांगितलं, "आला! खाल्लं! वडा उचलला!"

हॉलमधला सोफा भिंतीला लावून सतरंजी घातली होती. चार पुरुष, चार केळीची पानं. अनुपमाने आतून आणखी एक पान आणलं, दशरथच्या शेजारी मांडलं आणि पाणी शिंपडून पुसलं.

"कोण येवचा असा आणि?" अक्काने विचारलं.

"मी."

राजेश हसला, त्याला थट्टा वाटली. विद्याधर भावोजींनी आधी आपल्या पानाकडे, मग छताकडे बघितलं. दशरथ उठून तिच्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अनू, तमाशा नको. पाऊण तासाचा प्रश्न आहे. मागून बस."

"मागून बसले की मागचंच पानात येतं."

"तुझं बाजूला काढून ठेव ना मग!"

"काढून ठेवते. मग भावोजींना सांबारं कमी पडतं, आणि काढून ठेवलेलं बाहेर येतं. काढून ठेवलेलं तुम्ही कधी टिकलेलं बघितलंय?"

"वयनी," अक्काचा आवाज चढला, "ह्या घराण्यात बायल माणूस म्हाळाच्या पयल्या पंगतीक बसलेला माज्या तरी आयकण्यात नाय. बाबांका काय वाटात?"

अनुपमाने हातातला तांब्या खाली ठेवला. आतापर्यंत ती हसत, टोमणे मारत लढली होती. आता तिला हसू येईना.

"मामंजी हार्टने गेले, अक्का. त्यांच्या नावाने आपण सगळे जमलोय. उद्या त्याच दुखण्याने मी सवाष्ण गेले तर अविधवा नवमीला माझं पान वाढाल. वाढाल ना? पहिलं पान माझं असेल. सगळं गरम, सगळं सारखं, एकही पदार्थ विसरणार नाही. आणि मी शिवेपर्यंत या घरातला एकही पुरुष जेवणार नाही. हो की नाही?"

राजेशने आपल्या पानाची कड सरळ केली.

"मेल्यावर एवढा मान देता, तर मला तो आत्ताच द्या. नंतर मला त्याचा काही उपयोग नाही." आणि ती मांडी घालून पानावर बसली.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. ती बसली तर वाढणार कोण? पुरुष पानांवर बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. त्या दारातून नेहमी जी यायची ती त्यांच्याच ओळीत बसली होती. अक्का दारात हाताची घडी घालून उभी. गॅसवर कढईतलं तेल तापत होतं, त्याचा वास येत होता.

शेवटी सौरभ उठला. आत जाऊन मीठ, चटणी आणि सांबाऱ्याचं पातेलं घेऊन आला आणि बापाच्या पानात मीठ उजवीकडे वाढलं, चटणी भाताच्या जागी. सांबाऱ्याची पळी त्याने अशी उलटी केली की अर्धं सतरंजीवर गेलं.

"अरे मेल्या!" अक्का ओरडली. "मीठ खय वाढतंस? मड्याच्या पानात वाढतत तसा! बाजूक हो!" तिने त्याच्या हातातली पळी ओढून घेतली. "आणि गॅस बारीक कर आधी, घर पेटवशीत."

अक्का वाढू लागली. दशरथच्या पानात, राजेशच्या, आपल्या नवऱ्याच्या. अनुपमाच्या पानाशी येऊन ती क्षणभर थांबली. मग मीठ डावीकडे, चटणी, भाजी, अळू, सगळं जागच्या जागी वाढलं, वाढायचं तर नीटच, या हिशोबाने. सांबारं मात्र मुकाट्याने दोन पळ्या जास्त घातलं. खीर चमचाभर. मग वड्यांची परात घेऊन आली. एक वडा ठेवला, दुसरा उचलला.

अनुपमाने पानावर हात आडवा धरला. "एकच, अक्का."

"म्हाळाचो वडो नको म्हणू नये."

"एक घेतलाय ना. एकाने पितरांचं भागेल."

वडा झाऱ्यावर तसाच राहिला. त्यातून तेलाचा एक थेंब अनुपमाच्या मनगटावर पडला. चटका बसला, पण तिने हात हलवला नाही. अक्काने तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे. दशरथ मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "अक्का, तिला चालत नाही गं." हे वाक्य या घरात सहा वर्षं त्याच्याबद्दल बोललं गेलं होतं, तिच्याबद्दल आज पहिल्यांदा.

अक्काने वडा परत परातीत टाकला. "तुमचा तुमी बघून घेवा," ती म्हणाली आणि आत गेली.

"अक्का, तुम्हीही पान घ्या," अनुपमाने हाक मारली. "माझ्या शेजारी जागा आहे."

"माका शिकव नको!" आतून उत्तर आलं. मग भांड्यांचा आवाज, आणि बऱ्याच वेळाने ताटात काहीतरी वाढून घेतल्यासारखा पळीचा आवाज. अक्का ओट्यापाशी उभ्यानेच जेवायला लागली होती. पुरुषांच्या आधी नाही, पण नंतरही नाही.

अनुपमाने वाटाण्याच्या सांबाऱ्याचा पहिला घास तोंडात घातला आणि जीभ चांगलीच भाजली. डोळ्यांत पाणी आलं. अक्काच्या हातचं हे सांबारं ती इतकी वर्षं खात आली होती, पण ते ताजं इतकं गरम असतं, त्यावरच्या खोबऱ्याचा वास असा नाकात शिरतो, हे तिला ठाऊक नव्हतं. विद्याधर भावोजींनी सवयीने आपलं रिकामं पान दाखवत तिच्याकडे बघितलं, "सांबारं..." म्हणाले आणि थबकले.

"आत आहे, भावोजी," अनुपमा म्हणाली. "उठा."

आणि दुसऱ्या घासावर तिने फुंकर घातली.